हिराआयच्या कानांचे साचे

माणसाचा कान मी जितक्या जवळून पाहिला आहे, तितका त्याच्या आईनेही पाहिला नसेल. बोईसरमधल्या एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानात, काचेच्या कपाटाआड मांडलेल्या लहानशा टेबलाशी बसून मी कित्येक वर्षे लोकांच्या कानांत डोकावत होते. कोणाचा कान शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत, कोणाच्या वळणांत कापसाचे तंतू अडकलेले, कोणाचा इतका अरुंद की वाटावे, यात शब्द शिरतात तरी कसे. एकाच माणसाचे दोन कानसुद्धा सारखे नसतात. ती भावंडे असतात, जुळी नसतात.

माझा व्यवसाय सांगितला की लोक विचारीत, 'म्हणजे कानाच्या डॉक्टर का?' तसे काही नव्हते. गाणी ऐकण्यासाठी कानात घालायच्या इअरफोनच्या जोड्या मी दुरुस्त करीत असे, आणि थोड्या अभिमानाने सांगायचे तर सुधारून देत असे. ऐंशीच्या दशकात आमच्या भागात कोणाचा भाऊ आखाती देशातून, कोणाचा मामा जहाजावरून, तळहाताएवढा कॅसेट वाजवणारा वॉकमन घेऊन येई. यंत्र वर्षानुवर्षे टिके. कानांतली जोडी मात्र दोन उन्हाळ्यांत मान टाकी. तशी नवी जोडी बोईसरला मिळत नसे आणि मुंबईला मिळे तिची किंमत ऐकून माणूस ती पुन्हा डबीत ठेवून दुकानाबाहेर पडे. मग तो माझ्याकडे येई. 'थोडक्यात काही होईल का, ताई?' या एका वाक्यावर माझी सारी कारागिरी उभी होती.

माझे शिक्षण मराठी कवितेचे. वडील धान्याच्या डब्यावर बोटांनी ठेका धरून वृत्ते शिकवीत. ओळ कुठे श्वास घेते आणि कुठे रोखून धरते, हे मला अर्थाच्या आधी कळू लागले होते. लग्न होऊन सांगलीकडून बोईसरला आले आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रेडिओचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लागले. राळेचा जळका, गोडसर वास आणि तापल्या सोल्डरचा चंदेरी थेंब यांची मला सवय झाली. आवाज उमटवणारा, नखाएवढा प्रत्येक तयार पडदा कानाशी धरून चांगला की वाईट ते सांगायचे, हे माझे काम. शेजारच्या मुली मापकाचा काटा पाहत. मी डोळे मिटून ऐकत असे. कवितेने दिलेला कान असा पोटाला उपयोगी पडला. कारखाना बंद पडला तेव्हा घड्याळवाल्या नटूभाईंनी त्यांच्या दुकानाचा एक कोपरा मला दिला. ते वेळ दुरुस्त करीत, मी आवाज. दोघांनाही एकमेकांच्या टिकटिकीचा त्रास नव्हता.

या कामातले मर्म मला एका मागवाल्याने शिकवले. रामसजीवन कापडगिरणीत माग चालवी. त्याने आपली जोडी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "दीदी, आवाज बढ़ा दो. पूरा खोल देता हूँ, फिर भी गाना पतला लगता है."

जोडीत बिघाड काहीच नव्हता. जाळीवर साचलेला मळ मी सुईने काढला, तरी गाणे पातळच. मग लक्षात आले की त्याचे कान मोठे होते आणि ती प्लास्टिकची बोंडे त्यांत सैल लोंबत होती. आवाजाचा खालचा, भरदार भाग पाण्यासारखा असतो. बारीक फट मिळाली की तो निसटतो आणि मागे उरतो तो वरचा फेस. मी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणली, तिचे दोन तुकडे कापून बोंडांवर चढवले, वर पावडरच्या पफातला स्पंज गुंडाळला. रामसजीवनने ते कानांत दाबून बसवले, आणि थोड्या वेळाने त्याचा चेहरा असा झाला की जणू घरातच हरवलेला माणूस सापडला.

"दीदी," तो म्हणाला, "इस गाने में तो ढोलक भी था."

मी त्याला बजावले की आता आवाज निम्मा ठेव, आणि मागाजवळ हे घालू नकोस, गोंगाटावर आवाज चढवून कान जातील. पहिले त्याने ऐकले असावे, दुसरे नाही. त्याची रुखरुख मला अजून आहे. पण त्या दिवसापासून मी नवी जोडी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला आधी थांबवून कान दाखवायला सांगू लागले. यंत्र बदलण्याआधी बसणे बदलून पाहावे. तार ताठरली असेल तर मऊ घालावी, डावी-उजवीकडच्या जोडण्या उलट झाल्या असतील तर सरळ कराव्यात, आणि कानाशी कुठे फट राहिली आहे ते शोधावे. निम्म्याहून अधिक वेळा तेवढ्याने जुनी जोडी पुन्हा बोलू लागे.

पुढे मी आणखी एक पायरी चढले. पालघरला दातांच्या कवळ्या करणारे एक कारागीर होते. त्यांच्याकडून मी साचा घेण्याची गुलाबी भुकटी आणि कवळीचा गुलाबी मसाला वापरायला शिकले. कानात आधी दोऱ्याला बांधलेला कापसाचा बोळा सरकवायचा, म्हणजे आतल्या पडद्याला धक्का नको. मग भिजवलेली भुकटी भरायची. गारवा आत उतरला की माणसे हटकून डोळे मिटतात. ती घट्ट झाली की कानाची नक्कल बाहेर येते, तिच्यावरून प्लास्टरचा साचा आणि साच्यातून कवळीच्या मसाल्याचे बोंड. त्याला भोक पाडून जुना इअरफोन त्यात बसवायचा. ते फक्त त्या एकाच माणसाच्या, त्या एकाच कानात बसते.

किनाऱ्यावरच्या एडवणची हिराआय माझ्याकडे आली ती अशा बोंडांसाठीच.

ती आली तेव्हा दुकानात आधी सुकटीचा खारा वास शिरला, मग तिचे हसणे, आणि मग तिच्या कानांतले सोने. पाळीत जाडजूड कड्या, वर आणखी एक वजनदार वळे. साऱ्या कानाला त्यांनी खाली ओढून घेतले होते, जशी फळांनी फांदी ओढावी. बरोबर सून भानू, तिशीच्या आतली, डोळे जमिनीला लावलेली.

हिराआय धवलारीण होती. मासेमारी करणाऱ्या त्यांच्या लोकांत लग्नाचे विधी धवळ्यांच्या गाण्यावर चालतात, आणि ती गाणारी बाई म्हणजे धवलारीण. उंबराची फांदी आणण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक कामाची वेगळी गाणी. त्यांत गावच्या देवीला, दर्याला, घरच्या गेलेल्या माणसांना नावे घेऊन लग्नाला बोलवायचे. नावांचा क्रम चुकून चालत नाही. पुढची बाई ओळ टाकते, मागची ती उचलते. कागदावर काही नाही. सगळे हिराआयच्या गळ्यात होते, आणि हिराआयचे कान दर वर्षाला थोडे थोडे मिटत चालले होते. मागच्या बाईची ओळ आता तिला ऐकू येत नव्हती.

वैशाखात तिच्या नातीचे, मुलीच्या मुलीचे, लग्न होते. पुढे कोण गाणार, हा प्रश्न होता. भानू दहा वर्षे चुलीशी, सुकटीच्या वाळवणाशी, सासूमागे ते धवळे गुणगुणत शिकली होती. पण हिराआयचा नियम असा की आपल्या कानांनी पारखल्याशिवाय ती कोणाला पुढे बसवणार नाही. भानूचा आवाज मुळात खालचा. समोर बसून ती गाई तेव्हा सासूला ऐकू येत नसे, आणि मोठ्याने गाई तेव्हा चाल मोडे. शेवटी भानूने जहाजावरच्या मावसभावाचा वॉकमन मागून घेतला, शेजाऱ्यांच्या टेपवर साऱ्या धवळ्यांची एक कॅसेट भरली. वॉकमनबरोबर आलेली जुनी जोडी मात्र एका बाजूने खरखरत होती आणि हिराआयच्या कानांत क्षणभरही ठरत नव्हती.

मुंबईच्या दवाखान्यात श्रवणयंत्राची चौकशी झाली होती. ते त्यांच्या आवाक्यात नव्हते. 'थोडक्यात काही होईल का' हे भानूने विचारले, तेही सासूला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

मी बॅटरीच्या उजेडात कान तपासू लागले, तेव्हा हिराआय म्हणाली, "बग बाय, नीट बग. आमी माशाचा कल्ला उचलून बगतो ना, तसा. ताजा हाय का शिळा?"

"ताजा आहे, हिराआय," मी तिच्या कानाशी मोठ्याने म्हटले.

"खोटा बोलतेस. म्हावरा विकायला बसलीस तर तुजा खपंल."

जोडी उघडली तेव्हा कळले की पूर्वी कोणीतरी ती जोडताना एका बाजूच्या तारा उलट लावल्या होत्या. असे झाले की एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि दोघांमधली गाणारी बाई मधल्या मध्ये विरून जाते. ते सरळ केले, खरखरणारी तार बदलली. आता साचे.

आणि इथे मी चुकले.

साचा घेताना कान मोकळा हवा, असा माझा शिरस्ता. डूल, कुड्या, सगळे काढून ठेवायला लावीत असे. हिराआयला ते सांगितले तेव्हा तिने भानूकडे पाहिले. त्या कड्या तिने कित्येक वर्षांत उतरवल्या नव्हत्या. शेवटी भानूने साबणाचे पाणी लावून, हलक्या हाताने फिरवत त्या काढल्या. सोने निघाल्यावर हिराआयने दोन्ही तळवे कानांवर झाकून घेतले, जसे अंगावरचा पदर गेल्यावर बाई हात घेते. मी ते पाहिले, आणि तरीही माझ्या भुकटीकडे वळले. साचे मात्र अप्रतिम निघाले. वळणन् वळण उतरले होते. आठवड्याने ती गुलाबी बोंडे घेऊन भानू गेली, तेव्हा मला माझ्याच हातांचे कौतुक वाटत होते.

दहा-बारा दिवसांनी भानू एकटी आली. जोडी रुमालात बांधलेली. तिने ती टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ताई, ही ठेवा तुमच्याकडं. आता नको."

मी विचारले, बिघडली का? ती म्हणाली, चालते. चांगली चालते. आयने तीन दिवस ओट्यावर बसून अख्खी कॅसेट ऐकली. मग तिला जवळ बोलावून म्हणाली की पोरी, शब्द तुला सगळे येतात, पण तुझ्या गळ्याला तळ नाही. धवळ्याला तळ लागतो. आणि आता पालघरजवळच्या माहीमच्या धवलारणीला निरोप धाडायचे ठरले होते. उद्या संध्याकाळी माणूस जाणार होता.

"आय बोलली ते खरंच असंल," भानू म्हणाली. "तिच्या कानाला कोन खोटा पाडनार?"

ती रडत नव्हती. रुमालाची गाठ सोडत होती, बांधत होती. मी तिला म्हटले, ती कॅसेट आहे का बरोबर? तिच्या पिशवीत होती. मी ती दुकानातल्या वॉकमनमध्ये घातली, माझी पारखायची जोडी, व्हॉल्व्हची नळी चढवलेली, कानांत घट्ट बसवली आणि डोळे मिटले.

आयुष्यात हजारो पडदे मी ऐकले असतील. पण त्या आवाजासाठी माझ्याजवळ अजूनही नेमका शब्द नाही. ओळ वरून सुरू होत नव्हती. ती पाण्याखालून उठत होती, ओहोटीला उघड्या पडलेल्या ओल्या रेतीसारखी गडद, आणि प्रत्येक नावापाशी क्षणभर थांबून मग पुढे सरकत होती. त्या आवाजाला तळच तळ होता. हिराआयला जे ऐकू आले नव्हते ते हेच, आणि ते भानूच्या गळ्यात कमी नव्हते. ते वाटेत कुठेतरी सांडत होते.

"हिराआय ऐकते तेव्हा कशी बसते?" मी विचारले.

ओट्यावर, पाय पसरून, भानूने सांगितले. मांडीवर यंत्र. अंगावर नेहमीचेच. कानांत कड्या? भानूने माझ्याकडे असे पाहिले की हा काय प्रश्न झाला. घरी पोचल्याबरोबर आयने आधी सोने चढवले, मग पाणी प्यायली.

मी माझ्या कानाची पाळी दोन बोटांत धरून खाली ओढली. कानातली जोडी किंचित हलली, कडेने फट पडली, आणि भानूच्या आवाजाचा सगळा गाभा एका क्षणात वाहून गेला. उरले ते वरचे पातळ, चिरके, शब्दांचे टरफल. पाळी सोडली, आवाज परत भरला. नटूभाई भिंग काढून माझ्याकडे पाहू लागले, कारण मी ते चार-पाच वेळा केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भुकटी, मसाला, प्लास्टर आणि कानस पिशवीत घालून एसटीने एडवणला गेले. हिराआय बोंबील वाळवणाऱ्या बांबूंपाशी उभी होती. मला पाहून तिला आनंद झाला, पण येण्याचे कारण सांगू लागले तेव्हा तिने हात हलवला. झाले ते झाले, सुनेचा राग नाही, असे म्हणाली. तिला वाटले मी भानूची रदबदली करायला आले आहे.

मी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेले आणि जितके स्पष्ट बोलता येईल तितके स्पष्ट बोलले, "चूक भानूची नाही. माझी आहे. कान मोकळा करून मी माप घेतले. तुम्ही सोने घालून ऐकता. सोन्याने कान खाली येतो आणि बोंडाशी फट पडते. सुनेचा अर्धा आवाज त्या फटीतून सांडला."

तिने आधी माझ्याकडे पाहिले. मग भानूकडे, जी दारात उभी होती. मग ती ओट्यावर बसली आणि कान माझ्यापुढे केला.

"म्हावऱ्याचा जाला तू काठावर मोजलास, बाय," ती म्हणाली. "पान्यात तो कसा बसतो ते बगायचा रायला."

यापेक्षा अचूक शब्दांत माझी चूक कोणी सांगितली नाही. कड्या तशाच ठेवून, ओढलेल्या, कललेल्या, तिच्या रोजच्या कानांत मी पुन्हा भुकटी भरली. साचे त्यांच्याच ओट्यावर केले. मसाल्याचा उग्र वास आणि बोंबलांचा वास यांची जी काही मिसळ झाली, तिने शेजारच्या बायका नाकाला पदर लावून गोळा झाल्या. एकीने विचारले, हिराय, दात कानात बसवतेस काय? हिराआयला ते ऐकू आले नाही, पण हसण्याची लाट कळली. तीही त्यात सामील झाली. मसाला घट्ट व्हायला, घासायला, पुन्हा घासायला दुपार उलटली. नवी बोंडे जुन्यांपेक्षा ओबडधोबड होती. एकाची कड तिरकी. मी ती तिच्या कानांत फिरवून बसवली आणि पाळीतली कडी हलवून पाहिली. बोंड हलले नाही.

भानूने वॉकमनचे बटण दाबले आणि घरात निघून गेली. तिला समोर उभे राहवले नसावे.

हिराआय ऐकू लागली. माझ्यापर्यंत काहीच पोचत नव्हते. सगळा आवाज आत राहत होता, आणि मला हवे होते तेच. मी फक्त तिचा चेहरा पाहत होते. आधी कपाळावरची आठी तशीच राहिली. मग ती आठी विसरल्यासारखी झाली. ओठ हलू लागले. उजवा हात गुडघ्यावर आला आणि ओळ उचलण्याच्या जागी बोट वर जाऊ लागले, दर वेळी, न चुकता. ती मागच्या बाईचे काम करीत होती. आयुष्यभर पुढे बसलेली ती बाई, सुनेच्या ओळी उचलत होती.

एकदम तिने हात वर केला. यंत्र थांबवायला ते बटण तिला सापडेना, मीच दाबले.

"भाने," तिने हाक मारली. कानांत बोंडे असल्यामुळे ती फारच मोठ्याने मारली गेली आणि वाडीतली कुत्री उठली. भानू दारात आली.

"इथं चुकलीस. दर्याच्या आदी थोरल्या सासऱ्याचा नाव. तो बुडाला ना. त्याला आदी घरात बोलवायचा, मंग दर्याला. नायतर तो दारात उबा रायतो."

भानू उंबऱ्यातच खाली बसली. सासू तिला चूक दाखवत होती. दहा वर्षांत पहिल्यांदा. ज्याला पुढे बसवायचे नसते त्याच्या चुका कोणी काढत बसत नाही, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होते. माहीमला निघालेल्या माणसाला चहा देऊन थांबवण्यात आले.

पुढे बोईसरच्या बाजारात नव्या, स्वस्त, फेकून देण्याजोग्या जोड्यांचे ढीग आले आणि माझ्या टेबलावरची गर्दी ओसरली. तक्रार नाही. आज माझाच उजवा कान मंदावला आहे आणि सोल्डरच्या धुराने डोळे लवकर पाणावतात. कानात सोने असलेल्या कोणालाही मात्र मी त्यानंतर ते कधी काढायला लावले नाही. आणि हिराआयच्या त्या पहिल्या, देखण्या, निरुपयोगी बोंडांची जोडी मी माझ्या टेबलाच्या खणात शेवटपर्यंत ठेवली. हाताला फार सफाई आली असे वाटू लागले की ती काढून पाहत असे.

त्या वैशाखात मी लग्नाला गेले होते. मांडवात उंबराची फांदी रोवलेली, हळदीचा ओला वास, आणि मधोमध भानू पुढे बसलेली. तिच्या मागे, तिच्याहून थोडी खाली, हिराआय. ती जोडी फक्त कॅसेट ऐकवते, समोर बसून गाणाऱ्या बाईचा आवाज तिला पकडता येत नाही. म्हणून कानांत काही नव्हते, फक्त सोने होते. मला काळजी वाटली की ओळ कुठे संपते हे तिला कसे कळणार.

भानूने पहिली ओळ टाकली. हिराआयने हात पुढे केला आणि उजवा तळवा सुनेच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, ठेवला. बोटे पसरली, तळवा किंचित फिरवला, जिथे घुमत होते ती जागा शोधली आणि तिथे दाबून धरला. ओळ संपली तेव्हा तिने ती नेमकी उचलली.

बुडालेल्या थोरल्या सासऱ्याचे नाव आले, मग दर्याचे. मी त्या हाताकडे पाहत राहिले. तळवा नीट बसला होता. कडेने कुठूनही काही सांडत नव्हते.